मीटर कोणाच्या नावाचा?

नव्या दिल्लीत कनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जो सरळ रस्ता जातो, त्याला आज कस्तुरबा गांधी मार्ग म्हणतात. पूर्वी त्याचे नाव कर्झन रोड असे होते. बंगालची फाळणी करणाऱ्या व्हाइसरॉयचे नाव जाऊन, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना १९४४ साली ज्यांनी देह ठेवला, त्या कस्तुरबांचे नाव या रस्त्याला लाभले. पाटी बदलली, परंतु या रस्त्याचे एक लक्षण मात्र बदलले नाही. येथे राहणारी व काम करणारी माणसे प्रायः दुसऱ्याच्या छपराखालीच वावरत आली आहेत. प्रथम येथे प्रशस्त आवारांचे बंगले होते व त्यांत मुदतीपुरते येऊन जाणारे अधिकारी राहत. मग कर्झन रोडच्या बराकी हा कित्येक सरकारी कचेऱ्यांचा पत्ता होऊन बसला. पुढे सरकारी नोकरांसाठी हॉस्टेल झाले, बंगल्यांच्या जागी उंच इमारती आल्या आणि त्यांतील दालने भाड्याने जाऊ लागली. २०१३ साली नवे महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर उभे राहिले. तेथे उतरणारा मराठी माणूसही चार दिवसांचा पाहुणाच. तेव्हा भाडेकरूच्या एका जुन्या प्रश्नाचा विचार करावयास या रस्त्याइतकी योग्य जागा दुसरी क्वचितच सापडेल.

तो प्रश्न असा : ज्या घरात मी राहतो, दिवा लावतो, पंखा फिरवितो, त्या घरातील विजेचा हिशेब कोणाच्या नावाने व्हावा? माझ्या, की घरमालकाच्या? वरवर पाहता ही किरकोळ कचेरीतील बाब वाटेल. बिल भरले की झाले, नाव कोणाचे का असेना, असे कोणी म्हणेल. परंतु या नावामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आणि ‘स्मार्ट’ म्हणून ओळखला जाणारा नवा मीटर भिंतीवर आल्यापासून या नावाचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

विजेच्या व्यवहारातील मूळ अडचण मापाची होती. आपल्या बाजारात धान्य पायलीने मोजले जाई, दूध शेराने मोजले जाई, आणि मोठ्या पेठांतून त्यासाठी मापारी नेमलेला असे. देणारा, घेणारा आणि मापारी या तिघांच्या डोळ्यांदेखत माप पडे. वीज मात्र डोळ्यांना दिसत नाही व हाताला लागत नाही. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये दिव्यांसाठी वीज विकावयास आरंभ केला, तेव्हा त्याच्या मीटरमध्ये एका द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडविलेल्या असत. वीज वाहील तसे एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर जाऊन बसे. महिनाअखेर कंपनीचा मनुष्य पट्ट्या काढून नेई, तराजूत तोली व त्या वजनावरून बिल होई. ग्राहकाने ते निमूटपणे मान्य करावयाचे! पुढे १८८९ च्या सुमारास बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील ओटो ब्लाथी व अन्य संशोधकांनी फिरत्या चकतीचे मीटर सिद्ध केले. ॲल्युमिनियमची ती बारीक चकती आपल्यांपैकी अनेकांनी लहानपणी कौतुकाने पाहिली असेल. दिवे मालवले की ती थबकते आणि इस्त्री लावली की भरारते, हे मुलांनासुद्धा कळे. मापाऱ्याचे काम करणारे एक यंत्र घरात आले, आणि त्याच्याकडे पाहण्याचा अधिकार ग्राहकाला मिळाला. आपण ज्याला ‘युनिट’ म्हणतो ते ब्रिटनमधील ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’चे संक्षिप्त रूप असून, एक किलोवॅट भार एक तास चालला म्हणजे एक युनिट वीज खर्ची पडते.

हिंदुस्थानात विजेचा व्यापार वाढू लागताच सरकारने १९०३ साली कायदा केला व १९१० साली त्याच्या जागी अधिक विस्तृत असा भारतीय वीज अधिनियम आणला. १९०५ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबईत वाडीबंदर येथील केंद्रातून वीज मिळू लागली आणि दिल्लीत लाहोरी गेटजवळ डिझेलवर चालणारे एक लहानसे वीजघर सुरू झाले. १९१० च्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टातील सहावे कलम आपल्या विषयाचे बीज आहे. वीजवाहिनीजवळच्या कोणत्याही वास्तूच्या ‘मालकाने अथवा भोगवटादाराने’ मागणी केली, तर परवानाधारक कंपनीने एका महिन्याच्या आत वीज द्यावी, असे ते कलम सांगते. ‘अथवा’ हा शब्द येथे मोठा मोलाचा आहे. भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष जागेत राहतो तो. मालकाच्या पंक्तीला त्याला कायद्याने त्या काळीच बसविले होते.

परंतु कायद्याने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काहीसे काढूनही घेतले. मागणी करणाराने निदान दोन वर्षे वीज घेण्याचा लेखी करार पुरेशा तारणासह करून द्यावा, अशी अट कंपनीला घालता येत असे. कंपनीच्या बाजूने हे वावगे नव्हते. रस्त्यातील तारेपासून घरापर्यंत जोडणी आणण्यास पैसा लागे आणि तो वसूल व्हावयास हवा होता. मात्र ज्याला पुढच्या महिन्यात घर रिकामे करावे लागेल की काय याची खात्री नाही, त्याने दोन वर्षांचा शब्द कसा द्यावा? मालक स्थिर होता, त्याला घर सोडून कोठे जावयाचे नव्हते. साहजिकच कंपन्यांचा ओढा मालकाकडे राहिला. कायद्यात भोगवटादार होता. बिलावर मालक आला.

नव्या दिल्लीचे उद्घाटन १९३१ साली झाले व पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३२ साली, तिच्या वीजवितरणाची जबाबदारी नवी दिल्ली नगरपालिकेकडे आली. ती आजतागायत तिच्या वारस नगरपरिषदेकडे आहे. २००२ च्या जुलैमध्ये दिल्लीच्या उर्वरित भागाचे वीजवितरण तीन खाजगी कंपन्यांकडे गेले, तरी कस्तुरबा गांधी मार्गाची वीज नगरपरिषदेचीच राहिली. ही राजधानी मोजक्या अधिकाऱ्यांसाठी आखलेली होती. दुसरे महायुद्ध आले, कचेऱ्या फुगल्या आणि जागेची टंचाई इतकी झाली की, १९३९ सालीच नव्या दिल्लीपुरता घरभाडे-नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. त्यानंतर फाळणी झाली. लक्षावधी निर्वासित दिल्लीत आले. एका घराची चार घरे झाली, गच्चीवरच्या खोलीला ‘बरसाती’ हे नाव मिळून तीही भाड्याने जाऊ लागली. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे पहाडगंज, करोलबाग अशा वस्त्यांतून याच रीतीने राहिली. घरे वाढली, मीटर मात्र एकच राहिला.

पुण्यामुंबईच्या श्रोत्यांना हे चित्र परके वाटणार नाही. आपल्याकडील वाड्यांत आणि चाळींत मालकाच्या एका मीटरवर अनेक बिऱ्हाडे दिवे लावीत. कित्येक ठिकाणी दर दिव्यामागे महिना ठराविक आकार असे. इस्त्री लावू नये, शेगडी लावू नये, असे अलिखित नियम असत आणि रात्री ठराविक वेळ होताच मुख्य बटण मालकाच्या हाताने खाली येई. मुलाची परीक्षा असली तर आई कंदील पुसून ठेवी. घरात वीज होती. परंतु ती कधी असावी आणि किती असावी हे दुसऱ्याच्या मर्जीवर होते. पुढे प्रत्येक बिऱ्हाडाला मालकाने आपला सब-मीटर बसवून दिला. माप आले, पण मापारी मालकाचाच राहिला आणि दरही त्यानेच सांगावयाचा, असा प्रकार झाला.

या मर्जीला वेसण घालण्याचा पहिला यत्न भाडे-नियंत्रणाच्या कायद्यांनी केला. १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमाने आणि १९५८ च्या दिल्ली भाडे-नियंत्रण कायद्याच्या ४५ व्या कलमाने घरमालकास बंदी केली की, भाडेकरूला मिळत असलेला आवश्यक पुरवठा त्याने न्याय्य कारणावाचून तोडू नये. दिल्लीच्या कायद्यात तर या पुरवठ्यात पाणी व वीज यांच्याबरोबर जिन्यातील व बोळातील दिवाही नमूद आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात हेच तत्त्व २९ व्या कलमात आले. मात्र या सर्व तरतुदींना एक मर्यादा होती. असलेला दिवा मालकाने मालवू नये, एवढेच त्या सांगत. भाडेकरूला स्वतःच्या नावाने नवा दिवा लावावयाचा असेल तर काय, या प्रश्नाला त्यांत उत्तर नव्हते. शिवाय १९८८ च्या दुरुस्तीने दिल्लीत महिना ३,५०० रुपयांवरील भाड्याची घरे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर गेली. शहरातील भाडी जसजशी वाढली तसतसे हे छत्र आखूड होत गेले.

याच काळात वीजपुरवठ्याची राष्ट्रीय व्यवस्था आकारास येत होती, आणि तीत दोन मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळीत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४३ च्या ऑक्टोबरात दिल्लीत धोरण-समितीपुढे युद्धोत्तर वीजविकासाची मांडणी केली. स्वस्त व मुबलक वीज ही दारिद्र्यातून बाहेर पडण्याची वाट आहे, ही त्यांची भूमिका होती. स्वातंत्र्यानंतर बांधकाम, खाणी व वीज या खात्यांचे मंत्री काकासाहेब गाडगीळ होते आणि १९४८ चा वीज (पुरवठा) अधिनियम त्यांच्याच कारकीर्दीत संमत झाला. त्यातून राज्योराज्यी वीजमंडळे निघाली. आपले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. वीज खेड्यापाड्यांत पोहोचली, हे या मंडळांचे श्रेय कोणी नाकारणार नाही. परंतु वीज अपुरी आणि मागणारे अनेक, अशा स्थितीत अर्जांना अटी जडत जातात. त्यांपैकी एक अट म्हणजे घरमालकाचा ना-हरकत दाखला. १९१० च्या कायद्यातील ‘अथवा’ पुसला गेला नव्हता; पण कचेरीच्या खिडकीपाशी तो ऐकू येत नसे. सरकारी कामाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे ठाऊक आहे की, पुष्कळदा कायद्यापेक्षा अर्जाचा छापील नमुनाच अधिक बलवान ठरतो.

ना-हरकत दाखल्यामागे घरमालकाची निव्वळ अडवणूक होती, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्याला दोन भये होती. एक असे की, भाडेकरू बिल थकवून निघून जाईल आणि ती थकबाकी वास्तूच्या गळ्यात पडेल. हे भय निराधार नव्हते. थकबाकी माणसाची की जागेची, यावर न्यायालयांत दीर्घकाळ खल झाला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले की, जागा विकत घेणाऱ्या नव्या माणसाकडे जुन्याची थकबाकी मागता येत नाही. २०२३ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने या प्रश्नाचा सविस्तर परामर्श घेऊन निर्णय दिला की, वैध नियमांत तशी अट असेल तर जुनी थकबाकी फेडल्यावाचून त्या जागेला पुन्हा जोडणी नाकारता येते. म्हणजे ज्याने वीज जाळलीच नाही त्याच्यावरही तिचा भार येऊ शकतो. दुसरे भय असे की, भाडेकरूच्या नावाचे वीजबिल उद्या जागेवरच्या हक्काचा पुरावा म्हणून पुढे येईल. वीजबिल हे मालकीचे प्रमाण नव्हे, हे खरे. तथापि ज्याने खटल्यात उमर घालविली त्याला हे पटविणे सोपे नसते.

२००३ साली नवा वीज अधिनियम आला व १९१० चा कायदा इतिहासजमा झाला. नव्या कायद्याच्या ४३ व्या कलमात तोच जुना शब्द पुन्हा अवतरला : मालक अथवा भोगवटादार. त्याच्या अर्जावरून एका महिन्यात पुरवठा करावा, असे त्यात आहे. ५५ व्या कलमाने अचूक मीटरवाचून वीज देऊ नये असे ठरविले. ४७ व्या कलमात एक लहानशी परंतु भाडेकरूच्या दृष्टीने महत्त्वाची सवलत आहे : जो आगाऊ पैसे भरण्याच्या, म्हणजे प्रीपेड, मीटरवर वीज घेण्यास तयार असेल त्याच्याकडे अनामत रक्कम मागता येत नाही. दोन वर्षांच्या कराराची आणि तारणाची जी अडचण १९१० साली निर्माण झाली होती, तिच्यावरचा तोडगा असा शतकाच्या अंतराने निघाला. २०२० च्या ग्राहकहक्क-नियमांनी जोडणीची मुदत महानगरांत सात दिवसांवर आणली व २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन दिवसांची झाली.

मीटर एकाच्या नावाने असल्यामुळे भाडेकरूचे नेमके काय बिघडते, याचे उत्तर दिल्लीत २०१९ साली आकड्यांनी मिळाले. दिल्लीच्या त्या वर्षीच्या घरगुती दरपत्रकात पहिल्या २०० युनिटांना दर युनिटामागे ३ रुपये, पुढच्या २०० ना साडेचार रुपये आणि ४०० ते ८०० पर्यंत साडेसहा रुपये असा चढता दर होता. समजा, एका घरात चार बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येक जण महिना १५० युनिटे जाळतो. चौघांचे मीटर निराळे असतील तर प्रत्येकाचा वीज-आकार ४५० रुपये, म्हणजे चौघांचा १,८०० रुपये होईल. मीटर एकच असेल तर ६०० युनिटांचा आकार २,८०० रुपये होतो. स्थिर आकार आणि कर वेगळेच. वीज तितकीच, माणसे तीच. केवळ मीटर एक असल्याने हजार रुपये अधिक. त्यातच त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिल्ली सरकारने महिना २०० युनिटांपर्यंत वीजबिल माफ केले. निराळ्या मीटरवर ज्यांना काहीच द्यावे लागले नसते, ते एका मीटरवर सवलतीच्या बाहेर फेकले गेले. मालकाकडून मात्र युनिटामागे आठ-दहा रुपये आकारले जात असल्याची तक्रार सर्वत्र होती. तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री किरायेदार बिजली मीटर योजना जाहीर झाली. भाडेकरार किंवा भाड्याची पावती दाखवावी आणि मालकाच्या ना-हरकत दाखल्यावाचून प्रीपेड मीटर घ्यावा, असे तिचे स्वरूप होते.

त्यानंतर मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय अखिल देशापुरता स्पष्ट केला. वीज ही मूलभूत सुविधा आहे. घरमालक ना-हरकत दाखला देत नाही एवढ्याच कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढेच वीजसंस्थेने पाहावयाचे आहे, असा तो निर्णय आहे. १९१० च्या कायद्यातील ‘अथवा’ या शब्दाला शंभराहून अधिक वर्षांनी न्यायासनावरून आवाज मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता ज्या नव्या यंत्राचा आरंभी उल्लेख केला त्याकडे वळू. कस्तुरबा गांधी मार्ग ज्या नगरपरिषदेच्या हद्दीत आहे तेथे देशात फार लवकर स्मार्ट मीटर आले. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी मिळून उभारलेल्या ईईएसएल या संस्थेने २०१९ च्या आरंभापर्यंत तेथे सुमारे पन्नास हजार मीटर बदलले. पुढे २०२१ च्या राष्ट्रीय योजनेने देशभर पंचवीस कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले. या मीटरमध्ये चकती नाही. एक लाल ठिपका लुकलुकत असतो. तो दिवसाच्या लहान लहान कालखंडांची नोंद ठेवतो व ती बिनतारी मार्गाने वीजसंस्थेकडे पाठवितो, त्यामुळे वाचनासाठी कोणी दारी येत नाही. आणि त्याच्या पोटात एक बटण आहे, जे दूरवरच्या कचेरीतून चालू वा बंद करता येते. २०२३ च्या नियमांप्रमाणे अशा मीटरचे वाचन दिवसातून निदान एकदा व्हावे आणि ते ग्राहकाला पाहावयास मिळावे, अशी अपेक्षा आहे. त्याच नियमांनी वेळेनुसार दराचे तत्त्व आणले : सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीत महाग.

भाडेकरूला याचा लाभ उघड आहे. ज्या दिवशी घरात पाऊल टाकले त्या दिवसाचे आणि ज्या दिवशी किल्ली परत केली त्या दिवसाचे वाचन निर्विवाद मिळते. मीटर प्रीपेड असेल तर थकबाकी साठतच नाही, म्हणजे घरमालकाचे पहिले भय नाहीसे होते. उभयपक्षी वादाचे एक मोठे मूळ यंत्राने उपटून टाकले, असे म्हणता येईल.

पण हा सर्व लाभ कोणाला मिळतो, हे बिलावरील नावावर अवलंबून आहे आणि येथेच गोष्टीला वळण लागते. जुना मीटर मालकाच्या नावाने असला तर महिन्याकाठी एक आकडा मालकाच्या हाती पडे. भाडेकरूच्या जीवनाविषयी तो आकडा फारसे काही सांगत नसे. नवा मीटर मालकाच्या नावाने असेल, तर त्याची नोंद मालकाच्या भ्रमणध्वनीवर उमटते. घरात दिवा पहाटे कधी लागला, दुपारी घर रिकामे होते की काय, सुटीत कुटुंब गावी कधी गेले, रात्री कोणी किती जागले, हे सारे त्या नोंदीवरून ताडता येते. एका परीने ती भाडेकरूच्या घराची रोजनिशीच होय आणि ती वाचतो दुसराच. हे भय काल्पनिक नव्हे. याच कारणास्तव नेदरलँड्सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ साली स्मार्ट मीटर सक्तीचा करणारा कायदा अडविला आणि पुढे तेथे ग्राहकाला नकाराचा अधिकार द्यावा लागला. दुपारच्या स्वस्त विजेचीही तीच कथा. भाडेकरूने धुण्याचे यंत्र दुपारी लावावे, बचत मात्र मालकाच्या बिलात जमा व्हावी, असे सब-मीटरच्या जुन्या हिशेबात होऊ शकते. कारण सब-मीटरला घड्याळ कळत नाही.

दुसरा धोका त्या पोटातील बटणाचा. १९१० च्या कायद्याने बिल थकले तरी पुरवठा तोडण्यापूर्वी सात दिवसांची लेखी सूचना आवश्यक केली होती. २००३ च्या कायद्याच्या ५६ व्या कलमाने ही मुदत पंधरा दिवसांवर नेली. त्या पंधरा दिवसांत माणूस उसनवारी करू शकतो, तक्रार करू शकतो, चूक दाखवून देऊ शकतो. आगाऊ पैशांच्या मीटरमध्ये शिल्लक संपणे हीच सूचना ठरण्याचा संभव असतो. ब्रिटनला हा अनुभव दोनदा आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे कामगारांच्या भाड्याच्या घरांत पेनीचे नाणे टाकून चालणारे गॅसचे मीटर आले. त्यांनी गरिबाच्या घरी गॅस पोहोचविला, आणि नाणे संपताच चूल विझविण्याची रीतही आणली. २०२३ च्या फेब्रुवारीत तेथील ऊर्जा-नियामक ऑफजेमला कंपन्यांना बजावावे लागले की, ग्राहकांच्या घरी सक्तीने प्रीपेड मीटर बसविणे थांबवा. त्याच देशाने दुसरी एक गोष्ट मात्र अनुकरणीय केली. भाडेकरूला वीज पुन्हा विकणाऱ्या घरमालकाने स्वतः दिलेल्या दरापेक्षा अधिक दर घेऊ नये, असे बंधन तेथे २००३ पासून आहे. आपल्याकडेही या भयाचा प्रत्यय आला. महाराष्ट्रात २०२४ साली प्रीपेड मीटरांना एवढा विरोध झाला की, सामान्य घरगुती ग्राहकांना ते बसविणार नाही असे राज्य शासनाला जाहीर करावे लागले. नंतर आलेले स्मार्ट मीटर महिनाअखेर बिल देणारे आले.

मग भाडेकरूने करावे काय? या प्रश्नाचे उत्तर, गंमत अशी की, सरकार स्वतः घरमालक असते तेथे पूर्वीपासून सापडते. सरकारी निवास मिळालेला नोकर हा शासनाचा भाडेकरूच. तो वाटपपत्र दाखवितो, बहुधा आपल्या नावे वीजजोडणी घेतो, आणि बदली झाली की थकबाकी नसल्याचा दाखला देऊन निघून जातो. त्याच्या मागून येणारा नव्याने आपले नाव लावतो. घर शासनाचे राहते, वीज राहणाऱ्याची असते आणि यातून शासनाच्या मालकीला आजवर कोणी धक्का लावलेला नाही. जे शासनाला आपल्या घरांत साधते, ते खाजगी घरांत साधू नये असे काही कारण नाही. भाडेकरार लेखी असावा. त्यात वीज कोणाच्या नावाने व कोणत्या दराने हे स्पष्ट लिहावे. घरात शिरताना व घर सोडताना दोघांनी मिळून वाचन नोंदवावे. आणि शक्य तेथे राहणाराने स्वतःच अर्ज करावा. अर्ज करताना आपण याचना करीत नसून १९१० पासून कायद्यात असलेला शब्द वापरीत आहोत, एवढे त्याने मनात ठेवावे.

मीटर हा तसा ना घरमालकाचा, ना भाडेकरूचा. बहुतेक ठिकाणी तो वीजसंस्थेच्या मालकीचा असतो. भिंत मालकाची, यंत्र संस्थेचे आणि वीज राहणाऱ्याची, अशी ही त्रिस्थळी आहे. त्यांपैकी भिंत आणि यंत्र यांना आपापले धनी कधीच मिळाले. राहणाराला मात्र आपले नाव लागण्यासाठी शतकभर थांबावे लागले. आता कायदा, न्यायालय आणि यंत्र ही तिन्ही त्याला अनुकूल आहेत. अडचण उरली असेल तर ती अर्ज घेणाऱ्या खिडकीपाशी आणि तुमच्याआमच्यांतील घरमालकांच्या मनापाशी. ती दूर होण्यास नव्या कायद्याची गरज नाही. ज्याच्या दिव्याखाली कुटुंब बसते त्याच्या नावाने त्या दिव्याचा हिशेब द्यावा, एवढी साधी गोष्ट मान्य करणे पुरे आहे.